सलूनमध्ये ठरले अडीच हजार, बिल आले पावणेपाच हजारांवर : ठरलेल्या किमतीचा कायदा सोप्या शब्दांत

तुळशीचे लग्न आटोपले की इंदुरात लग्नसराई सुरू होते आणि विजय नगरापासून राजेंद्र नगरापर्यंत कोणत्याही बऱ्या सलूनमध्ये खुर्ची रिकामी मिळणे कठीण होऊन बसते. गेल्या कार्तिकात रामबागेत राहणाऱ्या आमच्या वहिनी भाचीच्या साखरपुड्याआधी केसांना रंग लावून घेण्यासाठी अशाच एका सलूनमध्ये गेल्या. काउंटरवरच्या मुलीने त्यांचे मोकळे केस पाहिले आणि "ग्लोबल कलर, ढाई हज़ार लगेंगे," असे सांगितले. वहिनींनी मान डोलावली आणि त्या खुर्चीत जाऊन बसल्या. तीन तासांनी हातात आलेल्या बिलावर ४,८८३ रुपये होते. मागे रांग लागलेली, साखरपुडा दुसऱ्या दिवशी, आणि समोरची मुलगी कार्ड की यूपीआय एवढेच विचारत असलेली. वहिनींनी पैसे देण्याआधी मला फोन केला, म्हणून हे बिल ओळीओळीने वाचण्याची संधी मिळाली.

त्यातील ओळी अशा होत्या : ग्लोबल कलरचे, म्हणजे सगळ्या केसांना एकसारखा रंग लावण्याचे, २,५०० रुपये, एक्स्ट्रा लेंग्थचे म्हणजे जास्त लांबीचे ८००, हेअर वॉश आणि ब्लो ड्रायचे ४५०, बाँड प्रोटेक्टरचे, म्हणजे रंगाने केस कमजोर होऊ नयेत म्हणून लावायच्या द्रव्याचे, ९००, आणि या ४,६५० रुपयांवर पाच टक्के जीएसटी म्हणजे २३२ रुपये ५० पैसे. सगळ्या ओळी एकाच टाइपात छापलेल्या असल्या तरी कायद्याच्या दृष्टीने त्या एका पंक्तीतल्या नाहीत. काही रक्कम वहिनी देणे लागत होत्या, काही मुळीच लागत नव्हत्या, आणि एका ओळीबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येण्यासारखे होते.

सुरुवात कायद्यापासून करतो, कारण तो या बाबतीत बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा अधिक स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुन्या १९८६ च्या कायद्याच्या जागी आला आणि जुलै २०२० पासून लागू झाला. ग्राहकाला तक्रार कोणकोणत्या गोष्टींची करता येते हे त्याच्या कलम २(६) मध्ये सांगितले आहे आणि त्यात जादा किंमत आकारणे ही एक स्वतंत्र बाब आहे. आता जादा म्हणजे कशापेक्षा जादा, तर कायद्याने ठरवून दिलेल्या किमतीपेक्षा, वस्तूवर किंवा वेष्टनावर छापलेल्या किमतीपेक्षा, कायद्यानुसार लावलेल्या दरपत्रकापेक्षा, किंवा दोन्ही पक्षांमध्ये ठरलेल्या किमतीपेक्षा. केस कापण्याला किंवा रंगवण्याला सरकारने ठरवून दिलेला दर नाही, आणि सेवेवर पाकिटासारखी एमआरपीही नसते, त्यामुळे सलूनच्या ग्राहकाच्या कामाचा आहे तो या चारांतला शेवटचा शब्दसमूह : दोन्ही पक्षांमध्ये ठरलेली किंमत. सलूनवाल्याने आकडा सांगितला, आपण तो मान्य केला आणि त्यावर विसंबून खुर्चीत बसलो, की तो करार झाला. त्यासाठी स्टॅम्पपेपर लागत नाही, तोंडी करारही करारच असतो. त्याच कायद्याच्या कलम २(९) मध्ये सेवेच्या किमतीची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क म्हणून नोंदला आहे. एक हजाराचे काम म्हणून सुरू करून शेवटी दोन हजार मागणे हा केवळ कटू अनुभव नाही, ती तक्रारीची कायदेशीर बाब आहे, हे लक्षात घेतले की काउंटरवरचा आपला आवाज आपोआप सावरतो.

अडचण वेगळीकडेच असते. ठरले होते हे सलूनही नाकारत नाही. नेमके काय ठरले होते, यावर वाद होतो. अडीच हजार हा आकडा कशाकशाचा होता? फक्त रंगाचा, की रंग लावून, धुऊन, सुकवून, कर भरून दाराबाहेर पडेपर्यंतचा? वहिनींच्या मनात दुसरा अर्थ होता, सलूनच्या संगणकात पहिला. भांडण काउंटरवर शेवटी होत असले तरी ते जिंकले किंवा हरले जाते ते अंगावर ॲप्रन चढण्यापूर्वीच, असे माझे मत या प्रकरणानंतर पक्के झाले आहे.

खुर्चीत बसल्यावर केस वाढत नाहीत

न्याय्य बोलायचे तर सलूनच्या कामात किंमत आधी अचूक सांगणे खरोखरच अवघड असते. केसांचा रंग ट्यूबमध्ये येतो, तो ठरावीक प्रमाणात डेव्हलपरमध्ये, म्हणजे रंग चढवणाऱ्या द्रवात, मिसळावा लागतो, आणि खांद्यापर्यंतच्या विरळ केसांना जेवढे मिश्रण पुरते त्याच्या दुप्पट किंवा अधिक कमरेपर्यंतच्या दाट केसांना लागते. आधी मेंदी लावलेली असेल किंवा घरी काळा रंग लावलेला असेल, तर नवा रंग नीट चढत नाही आणि आधीचा काढण्याचे वेगळे काम निघते. कोणाच्या हातून काम करून घ्यायचे यावरही दर बदलतो. साधा स्टायलिस्ट, सिनियर स्टायलिस्ट आणि त्याहून वरचा, अशा पायऱ्या मोठ्या सलूनमध्ये असतात. तेव्हा फोनवर, केस न पाहता सांगितलेला आकडा हा अंदाज समजावा लागतो आणि प्रत्यक्ष केस पाहिल्यावर तो बदलला तर त्यात लबाडी असतेच असे नाही, मात्र बदल काम सुरू होण्यापूर्वी सांगितला गेला पाहिजे.

वहिनींच्या बिलातील ८०० रुपयांची ओळ नेमकी याच कसोटीवर पडते. त्या मुलीने केस मोकळे असताना, समोर उभे राहून पाहिले आणि मग अडीच हजार सांगितले. तीन तासांत केस जेवढे होते तेवढेच राहिले. लांबी पाहून दिलेल्या दरात लांबीचे पैसे पुन्हा लावता येत नाहीत, आणि ही गोष्ट शांतपणे एवढ्याच शब्दांत सांगितल्यावर मॅनेजरकडे उत्तर नव्हते.

धुण्या-सुकवण्याच्या ४५० रुपयांचे प्रकरण थोडे बारीक आहे. डोक्याला लावलेला रंग धुतल्याशिवाय काम पूर्ण होतच नाही, म्हणून धुणे हा रंगाच्या कामाचा अविभाज्य भाग आहे, आणि त्याचे वेगळे पैसे लावायचे असतील तर ते आधी सांगणे सलूनवर येते. ड्रायरने केसांना वळण देऊन सुकवणे ही मात्र वेगळी सेवा मानली जाते. अनेक दरपत्रकांत ती वेगळीच छापलेली असते. या सलूनने दोन्ही एकाच ओळीत बांधून टाकल्यामुळे त्यांची बाजू कमकुवत झाली.

राहिली बाँड प्रोटेक्टरची ओळ. रंग कालवताना स्टायलिस्टने विचारले होते, "मैम, बाल थोड़े ड्राय हैं, प्रोटेक्शन डाल दूँ?" आणि वहिनी म्हणाल्या होत्या, "डाल दो." या तीन शब्दांच्या प्रश्नात किंमत कुठेच नव्हती. सेवेला संमती होती, किमतीला नव्हती. अशा वेळी भारतीय संविदा अधिनियम, १८७२ मधील कलम ७० आठवावे लागते : एखाद्याने दुसऱ्यासाठी काही काम कायदेशीररीत्या केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने त्याचा मोबदला द्यावा लागतो. म्हणजे "मला किंमत सांगितली नव्हती, म्हणून मी काहीच देणार नाही," हे म्हणणे टिकत नाही. "वाजवी तेवढे देईन," हे टिकते. नऊशे रुपये वाजवी होते की नाही यावर वाद घालता आला असता. वहिनींनी तो घातला नाही. त्या सलूनच्या दरपत्रकात ही सेवा नऊशेलाच छापलेली होती, हे त्यांनी भिंतीकडे मान वळवून पाहिले आणि ती ओळ मान्य केली.

अशा मधल्या प्रश्नांमागे बहुधा एक साधे कारण असते. अनेक सलूनमध्ये कर्मचाऱ्याला पगाराखेरीज वरच्या सेवा विकण्यावर कमिशन मिळते आणि महिन्याचे टार्गेट दिलेले असते, म्हणून केस ड्राय आहेत, डँड्रफ आहे, स्पा करून घ्या, ही वाक्ये कैची चालू असतानाच येतात. पुरुषांच्या केशकर्तनालयात हेच चंपी, फेस मसाज आणि डी-टॅन या नावांनी घडते. साठ-सत्तर रुपयांचे काम म्हणून बसलेला माणूस चेहऱ्यावर गार लेप घेऊन चारशे रुपयांना उठतो. सराफ्यात भुट्ट्याच्या किसाची प्लेट हातात घेण्याआधी भाव विचारणारे आणि सीतलामाता बाजारात साडीवरून अर्धा तास घासाघीस करणारे आपण इंदूरकर, आरशासमोर ओल्या केसांनी बसलो की "कितने का है?" एवढे विचारायला का लाजतो, हे मला अजून समजलेले नाही.

दरफलकावरील 'से'

भिंतीवरचा फलक हा पुरावा असतो आणि सापळाही. 'हेअर कट ३९९ से', 'केराटिन २,९९९ से' यांतील आकडे हातभर मोठे असतात आणि 'से' हा शब्द नखाएवढा. 'से' म्हणजे पासून, आणि पासून म्हणजे सर्वांत आखूड केसांना, सर्वांत कनिष्ठ स्टायलिस्टकडून. असा फलक पाहून आत गेलेल्याला ३९९ रुपये ही ठरलेली किंमत होती असे म्हणता येत नाही. ती फक्त सुरुवात होती. अर्ध्या किमतीच्या सवलतीच्या पाट्यांचेही तसेच आहे, सवलत कोणत्या मूळ दरावर आणि कोणकोणत्या कामांवर, हे विचारल्याशिवाय त्या पाटीला अर्थ नसतो.

जीएसटीची ओळ

करावरून होणारे गैरसमज दोन्ही बाजूंना असतात, म्हणून इथे थोडे सविस्तर. सलून, केशकर्तनालय, ब्यूटी पार्लर यांच्या सेवांवर पूर्वी अठरा टक्के जीएसटी होता. जीएसटी परिषदेच्या सप्टेंबर २०२५ मधील निर्णयानुसार २२ सप्टेंबर २०२५ पासून तो पाच टक्के झाला. बदल्यात सलूनला आपल्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट या सेवांसाठी घेता येत नाही. बिलावर तो सहसा अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा असा दोन ओळींत दिसतो. आजही कोणी केस रंगवण्यावर अठरा टक्के लावत असेल, तर बिल तिथेच परत करावे.

प्रत्येक सलून जीएसटी लावू शकते असेही नाही. मध्य प्रदेशात केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांच्या आत असेल तर त्याला नोंदणी सक्तीची नाही, आणि ज्याची नोंदणी नाही त्याला ग्राहकाकडून जीएसटीच्या नावाने एक रुपयाही घेता येत नाही. ज्याने कंपोझिशन योजना, म्हणजे लहान व्यावसायिकांसाठीची उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोपी योजना, निवडली आहे त्यालाही ग्राहकाकडून वेगळा कर वसूल करण्याची मनाई आहे. तो कर त्याने स्वतःच्या खिशातून भरायचा असतो आणि बिलावर तसे लिहायचे असते. नोंदणी आहे की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो, मध्य प्रदेशातील क्रमांकाची सुरुवात २३ ने होते, आणि जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की दुकानाचे नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, हे कोणालाही दिसते. क्रमांकाविना कर लावलेला असेल तर पुढचे बोलणे फार लांबत नाही.

नोंदणी खरी असली तरी सांगितलेल्या आकड्यात कर धरलेला होता की नव्हता, हा प्रश्न उरतोच. "ढाई हज़ार लगेंगे" याचा सामान्य माणसाने घेतलेला अर्थ, खिशातून अडीच हजार जातील, असाच असतो. कर धरून किंमत सांगणे सलूनला अशक्य नसते. अडीच हजारांत पाच टक्के कर सामावलेला असेल तर त्यातला कर ११९ रुपये ५ पैसे येतो, तो सरकारकडे जातो आणि बाकीचे सलूनकडे राहतात; जीएसटीच्या नियमांत हा हिशेब कसा करायचा हे दिलेलेच आहे. परंतु फलकावर किंवा दरपत्रकात 'कर अतिरिक्त' असे लिहिलेले असेल तर ग्राहकाची बाजू लंगडी पडते. वहिनींच्या सलूनमध्ये ते लिहिलेले होते. एक उपकथन म्हणून हेही सांगतो की शांपूची बाटली सलूनमधून विकत घेतली तर तिच्यावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, तिच्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही.

काउंटरवर

शेवटी झाले ते असे : लांबीचे ८०० आणि धुण्या-सुकवण्याचे ४५० वगळले गेले, २,५०० आणि ९०० मिळून ३,४०० रुपयांवर १७० रुपये कर लागला आणि वहिनींनी ३,५७० रुपये दिले. आवाज चढला नाही, कोणी कोणाला चोर म्हटले नाही. माझा अनुभव असा की "आपने लूट लिया" या वाक्याने मॅनेजरला बचाव सोपा जातो, आणि "यह आठ सौ किस बात के हैं, और मुझे कब बताया था?" या प्रश्नाने अवघड जातो.

मॅनेजर ऐकायलाच तयार नसेल, तर पैसे न देता निघून जाण्याचा मोह टाळावा, कारण काम झालेले असते आणि मोबदल्याचा काही भाग आपण देणे लागतोच. मान्य असलेली रक्कम देऊ करावी. तेही नाकारले गेले तर पूर्ण रक्कम भरावी, पण यूपीआयने किंवा कार्डाने, आणि बिलाच्या प्रतीवर स्वतःच्या हाताने "ठरलेली रक्कम २,५००, जादा आकारणीवर आक्षेप नोंदवून भरणा" असे लिहून, तारीख घालून तिचा फोटो घ्यावा. त्याच दिवशी सलूनच्या क्रमांकावर तेच शब्द संदेशाने पाठवावेत. सगळे पैसे हसतमुखाने देऊन महिनाभराने उठवलेल्या तक्रारीपेक्षा हे शंभरपट बळकट असते. बिलच देत नाहीत, असेही होते. ग्राहक कायद्याच्या कलम २(४७) नुसार बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे, त्यामुळे बिलासाठी अडून बसण्यात संकोच बाळगू नये. आणि पैशांच्या वादावरून ग्राहकाला दाराशी अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही दुकानदाराला नाही. तसे घडले तर ११२ वर फोन करावा.

पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची, क्रमांक १९१५. इथे मराठीतही बोलता येते आणि तक्रार ऑनलाइनही नोंदवता येते. तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती सलूनकडे पाठवली जाते. हेल्पलाइनला निकाल देण्याचा अधिकार नाही, ती मध्यस्थी करते. परंतु शाखा असलेल्या मोठ्या सलूनच्या बाबतीत एवढ्यानेही पैसे परत येऊ शकतात. गल्लीतल्या एकखांबी पार्लरवर याचा किती परिणाम होईल, याबद्दल मी फारशी आशा दाखवणार नाही.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. भरलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे इंदूरच्या माणसाने पुण्याच्या लग्नात तिथल्या सलूनमध्ये जादा पैसे दिले असतील तर तो इंदुरातच तक्रार करू शकतो. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते. आठशे रुपयांसाठी हे सगळे करावे का? मी करणार नाही. पण वीस-पंचवीस हजारांचे ब्रायडल पॅकेज असेल, किंवा वर्षभराच्या मेंबरशिपचे पैसे आगाऊ घेऊन प्रत्येक भेटीत 'हे यात येत नाही' म्हणून वेगळे बिल लावले जात असेल, तर जरूर करावे, आणि पॅकेजच्या पावतीवर कोणकोणती कामे लिहिली आहेत, हाच त्या प्रकरणाचा कणा असतो.

नुकसानभरपाईच्या आकड्यांबाबत मात्र जमिनीवर राहावे. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये २०१८ साली सांगितल्यापेक्षा फारच आखूड केस कापले गेले, म्हणून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये ग्राहक महिलेला दोन कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली होती. तो आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द करून, भरपाई पुराव्याच्या आधारे ठरवावी म्हणून प्रकरण आयोगाकडे परत पाठवले, हे कमी जणांना आठवते. जादा आकारणीच्या प्रकरणात ठरलेला आकडा आणि भरलेला आकडा, यांतील फरक सिद्ध करता आला तरच पुढचे काही मागता येते.

मोबाइलवरून घरी ब्यूटिशियन बोलावणाऱ्यांसाठी आणखी एक आधार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि त्यांत किमतीचे घटक सुरुवातीला लपवून शेवटच्या पायरीवर उघड करणे, तसेच ग्राहकाच्या संमतीशिवाय यादीत सेवा घुसवणे, या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. बुकिंगच्या पहिल्या आणि शेवटच्या पडद्याचा स्क्रीनशॉट ठेवला की काम भागते. घरी आलेल्या ब्यूटिशियनने ॲपबाहेर रोख मागितले, तर मात्र ॲप हात वर करते.

वहिनी आता जाण्याच्या आदल्या दिवशी केसांचा पाठमोरा फोटो काढून सलूनला पाठवतात आणि खाली हिंदीत लिहितात की रंग, धुणे, सुकवणे आणि जीएसटी धरून एकूण किती होतील, तेवढे सांगा. गेल्या वेळी उत्तर आले, "३,१०० टोटल मैम." तो संदेश त्यांनी तारांकित करून ठेवला आहे आणि बिलाचाही फोटो काढला आहे, कारण ग्राहक आयोगात जाण्याची मुदत दोन वर्षांची असते आणि सलूनच्या छोट्या मशीनमधून निघालेल्या त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे पर्समध्ये काही महिन्यांतच उडून जातात.